एकाच नावाच्या तीन गोष्टी, सूचीत वेगळ्या कशा दाखवायच्या?

पानोपानी:

मंडळी, थोडी मदत हवीये. मी सध्या मुलांसाठीच्या एका विज्ञानाच्या पुस्तकाची शब्दसूची करतेय, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते ना, अकारविल्हे शब्द आणि पुढे पान नंबर, ती. पुस्तक चारशेच्या वर पानांचं आहे, त्यामुळे पहिला कच्चा खर्डा सॉफ्टवेअरकडून काढून घेतला. त्याला एवढंच कळतं की शब्द शोधायचा आणि तो जिथे जिथे सापडेल ती पानं एका ओळीत टाकायची. तर त्यात एक ओळ अशी आली:

टायटन – 31, 58, 117, 203

नुसती वाचली तर काहीच खटकत नाही. पण 31 वर शनीचा उपग्रह आहे, 58 वर रॉकेट आहे आणि 117 वर दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला तो भलामोठा भुंगेरा. मैत्रिणीच्या मुलीला (सातवीत आहे) खर्डा दिला होता, म्हटलं वापरून बघ आणि सांग. तिला उपग्रहाबद्दल वाचायचं होतं, तिने नेमकं 117 उघडलं, तिथे पानभर किडा. मला म्हणाली मावशी हे चुकलंय. मी तिला समजवायला गेले की अगं चुकलं नाहीये, त्याचंही नाव टायटनच आहे, आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की ती म्हणतेय तेच बरोबर आहे. जी सूची वाचणाऱ्याला नको त्या पानावर नेते ती चूकच, मग पान नंबर कितीही बरोबर असू देत.

203 तर अजून कठीण. तिथलं वाक्य जसंच्या तसं देते: "1997 मध्ये टायटन रॉकेटने कॅसिनी यानाला अवकाशात नेलं आणि त्याच्यासोबत गेलेलं हायगेन्स 14 जानेवारी 2005 रोजी टायटनवर उतरलं." एका वाक्यात दोन टायटन! पहिल्याने धाडलं आणि दुसऱ्यावर जाऊन पोचलं. मी हे वाक्य तीनदा वाचलं तेव्हा कुठे खात्री पटली की लिहिणाऱ्याची गडबड नाहीये.

मग शोधत गेले तसं सगळीकडे हेच दिसायला लागलं. युरोपा, मर्क्युरी, जॉर्जिया, टन, डिग्री. तर माझे दोन प्रश्न आहेत. एक, हे सूचीत सरळ कसं दाखवायचं म्हणजे बारा वर्षांच्या मुलीला पहिल्या झटक्यात हवं ते पान मिळेल. आणि दुसरा जरा मोठा आहे, की नावं तर आपण हवी तेवढी बनवू शकतो, अक्षरांची काय कमी आहे, मग माणसं पुन्हापुन्हा तेच नाव का देतात?

जुना_खगोली:

छान प्रश्न काढलात. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे असं मला वाटतं.

टायटन म्हणजे ग्रीक पुराणातले आदिम राक्षसी ताकदीचे देव. हायगेन्स नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने 1655 मध्ये शनीचा तो उपग्रह शोधला तेव्हा त्याला हे नाव नव्हतं, तो बिचारा नुसता शनीचा चंद्र होता. पुढे शनीचे आणखी उपग्रह सापडले, नंबर देऊन भागेना, मग 1847 मध्ये जॉन हर्शेलने सुचवलं की शनी हा स्वतःच टायटनांपैकी, तेव्हा त्याच्या उपग्रहांना त्याच्याच भाऊबंदांची नावं देऊ. त्याच्या कितीतरी आधी, 1795 मध्ये, क्लाप्रोथ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एका धातूला टायटॅनियम म्हटलं होतं, तेही याच देवांवरून. भुंगेऱ्याला नाव मिळालं ते त्याच्या आकारावरून, सोळा सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो तो. आणि रॉकेटला मिळालं ते ताकद दाखवायला.

म्हणजे बघा, यातलं कोणीही दुसऱ्याकडून नाव घेतलेलं नाही. सगळे एकाच विहिरीवर पाणी भरायला आले होते. माणसाला नवीन वस्तू समोर आली की नुसती अक्षरं जुळवून नाव द्यावंसं वाटत नाही हो, त्याला असं नाव हवं असतं जे ऐकताच काहीतरी आधीचं आठवेल. मोठं आहे ना? मग टायटन. आणि अशा ओळखीच्या विहिरी थोड्याच असतात.

मर्क्युरीचं मात्र वेगळं आहे, तिथे साखळी आहे. रोमन लोकांचा चपळ पायाचा दूतदेव, त्याच्यावरून ग्रह, कारण तो 88 दिवसांत सूर्याला फेरी मारतो आणि आकाशात भराभर जागा बदलताना दिसतो. मग जुन्या किमयागारांनी सात धातूंची सात आकाशस्थांशी जोडी लावली आणि धावणारा पातळ धातू मर्क्युरीच्या वाट्याला आला. बाकी धातूंची ती ग्रहांची नावं मागे पडली, या एकाचंच इंग्रजीत टिकलं. आणि 1958 मध्ये अमेरिकेने माणूस अवकाशात पाठवायचा पहिला कार्यक्रम काढला त्यालाही हेच नाव, तोही शेवटी त्या चपळ देवावरूनच. आपण मराठीत सुटलो, ग्रह तो बुध आणि धातू तो पारा, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे मराठी वाचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. पण मोहिमेला आपणही मर्क्युरीच म्हणतो.

सूचीचं सांगायचं तर प्रत्येक अर्थाला स्वतःची ओळ द्या आणि नावापुढे कंसात ती वस्तू काय आहे ते एका शब्दात. टायटन (उपग्रह), टायटन (रॉकेट), टायटन (भुंगेरा). आमच्याकडे हे फार लागतं. युरोपा म्हटलं की गुरूचा उपग्रह सगळ्यांना आठवतो, गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिलेला, पण 52 युरोपा नावाचा लघुग्रहही आहे, 1858 मध्ये सापडलेला. म्हणून लघुग्रहाच्या नावाआधी त्याचा क्रमांक लिहायची पद्धत आहे. क्रमांक कधी दोघांना एक येत नाही.

किडेमुंगी:

खगोली काकांनी विहिरीचं बरोबर सांगितलं. मी जीवशास्त्राकडून लिहिते कारण आमच्याकडे यावर चक्क कायदा आहे, आणि त्या कायद्याने एका प्राण्याचं नाव काढून घेतलंय.

बदकासारखी चोच असलेला, अंडी घालणारा तो ऑस्ट्रेलियातला सस्तन प्राणी, प्लॅटिपस. 1799 मध्ये जॉर्ज शॉने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं प्लॅटिपस अ‍ॅनाटिनस. प्लॅटिपस म्हणजे सपाट पायाचा, अ‍ॅनाटिनस म्हणजे बदकासारखा. नाव अगदी चपखल. पण अडचण अशी झाली की प्लॅटिपस हे नाव 1793 मध्येच हर्ब्स्टने लाकूड पोखरणाऱ्या छोट्याशा भुंगेऱ्यांच्या एका प्रजातीला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, शास्त्रीय नावातला पहिला शब्द त्याचा) देऊन ठेवलं होतं. प्राण्यांच्या नामकरणाचा नियम साधा आहे, प्रजातीचं एक नाव प्राणीसृष्टीत एकदाच, आणि जो आधी आला त्याचा हक्क. तिथे आकार बघत नाहीत, प्रसिद्धी बघत नाहीत. तर भुंगेऱ्याने नाव राखलं आणि सगळ्या जगाला माहीत असलेल्या प्राण्याला ते सोडावं लागलं. ब्लुमेनबाखने 1800 मध्ये त्याच प्राण्याला वेगळं नाव दिलं होतं, ऑर्निथोऱ्हिंकस, म्हणजे पक्ष्याच्या चोचीचा, ते मग लागू झालं. आज त्याचं अधिकृत नाव ऑर्निथोऱ्हिंकस अ‍ॅनाटिनस आहे, अर्धं ब्लुमेनबाखचं आणि अर्धं शॉचं. बोलताना मात्र सगळे प्लॅटिपसच म्हणतात आणि त्या भुंगेऱ्याची कोणाला आठवणही नसते. मी तो भुंगेरा भिंगाखाली पाहिलाय, पाचेक मिलिमीटरचा, पेन्सिलीच्या शिशाच्या तुकड्यासारखा दंडगोल आणि तपकिरी, तो बघताना मला खरंच भरून आलं होतं की एवढ्याशा जिवाचं नाव दोनशे वर्षं कोणी हलवू शकलं नाही.

एकिड्ना, म्हणजे अंडी घालणारा दुसरा सस्तन प्राणी, त्याचंही तेच झालं बरं का. ते नाव आधी एका सागरी वामीसारख्या माशाला दिलेलं होतं, म्हणून काटेरी एकिड्नाचं शास्त्रीय नाव टॅकिग्लॉसस.

पण यातली गंमतीची नाही, खरी उपयोगाची गोष्ट पुढे आहे. हा नियम फक्त प्राण्यांच्या आत चालतो. वनस्पतींची नियमावली वेगळी. त्यामुळे एक प्राणी आणि एक वनस्पती यांचं नाव एकच असलं तरी चालतं. मोरस म्हणजे तुतीची प्रजाती आणि मोरस म्हणजे समुद्रात सूर मारणारे गॅनेट पक्षी. ओएनांथे म्हणजे रणगोजा वगैरे पक्षी, आणि ओएनांथे म्हणजे गाजराच्या कुळातली रोपंही, त्यांतली काही अत्यंत विषारी. नियमावली करणाऱ्यांनी असं धरलंय की पक्ष्याबद्दल बोलणारा आणि झाडाबद्दल बोलणारा एकाच वाक्यात यायचे नाहीत.

तुमच्या पुस्तकात मात्र ते येणार पानोपानी ताई, कारण तुमच्या पुस्तकात सगळंच एकत्र आहे. हाच तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. एकेका क्षेत्रात नाव एकच असतं, गोंधळ होतो तो क्षेत्रांच्या भिंती पडल्यावर. आणि शब्दसूचीत त्या भिंती पडलेल्या असतात, तिथे फक्त अ आ इ ई उरतं.

पानोपानी:

किडेमुंगी, शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलंय. हे मला सुचलंच नव्हतं. पुस्तकात वाचताना कधीच गोंधळ होत नाही कारण आजूबाजूला शनी असतो, कडी असतात, किंवा इंधन आणि प्रक्षेपण असतं. सूचीत शब्द एकटा पडतो. म्हणजे मी कंसात जे लिहिणार ते खरं तर त्याचं हरवलेलं शेजारपाजार आहे.

शब्दवेल्हाळ:

भाषेच्या बाजूने थोडं. तुम्ही म्हणता "नावं" हा प्रश्न, पण गंमत बघा, नाव हा शब्दच त्यातला आहे. ते नाव आणि ती नाव. एक आपल्याला हाक मारायला, दुसरी पाण्यातून पलीकडे न्यायला. एक संस्कृत नामन् वरून आलं, दुसरं नौ वरून, वाटेत झिजत झिजत दोघं एकाच जागी येऊन थांबले. खगोलींच्या विहिरीपेक्षा हे उलटं झालं, तिथे एका उगमातून चार वस्तू निघाल्या, इथे दोन वेगळे उगम एका उच्चारात मिळाले. सूची करताना हा फरक कळला तर बरं, कारण पहिल्या प्रकारात अर्थांमध्ये नातं असतं आणि दुसऱ्यात शोधूनही सापडत नाही.

आणि तरीही नाव आणि नाव यात मराठी माणूस आयुष्यात कधी अडखळत नाही. का? लिंग. ते नाव, ती नाव. तिथेही चुकलं तर विभक्ती सांगते: नावाला आणि नावेला, नावात आणि नावेत. "नावेत बसला" म्हटल्यावर तो कशात बसला हे विचारायला लागतच नाही. तो माळ आणि ती माळ, माळावर गेला आणि माळेत ओवला. तो मान आणि ती मान, मानाने बोलावलं आणि मानेने खुणावलं. तो रवी आकाशात, ती रवी घुसळायला. शब्द एकच, पण भाषेने प्रत्येकाला गुपचूप वेगळी खूण करून ठेवलीये आणि ती खूण आपण विचार न करता वाचतो.

सगळीकडे असं जमत नाही. वार घ्या. तो वार म्हणजे सोमवार मंगळवार, तो वार म्हणजे घाव, तो वार म्हणजे कापड मोजायचं तीन फुटांचं माप. तिघंही पुल्लिंगी! फक्त बाळंतपणातली ती वार स्त्रीलिंगी म्हणून सुटते. मग तिथे आपण दुसरा शब्द जोडीला घेतो. वार केला. वार कोणता? पाच वार. क्रियापद किंवा आकडा शेजारी आला की झालं.

आता टायटनकडे या. बाहेरून आलेली नावं मराठीत आली की बहुतेक पुल्लिंगी होतात किंवा ज्या वस्तूची आहेत तिचं लिंग घेतात. तो उपग्रह म्हणून तो टायटन, तो भुंगेरा म्हणून तो टायटन. रॉकेट मात्र ते, पण "टायटनवर", "टायटनने" अशा रूपांत तेही दिसेनासं होतं. म्हणजे भाषेची आतली खूण इथे नाही, ती तुम्हाला बाहेरून, कंसात द्यावी लागणार. मराठी शब्दांना मात्र कंसाऐवजी नुसतं पु., स्त्री., नपुं. लिहून पुष्कळदा भागेल, आणि मुलांना व्याकरणाचा असा उपयोग होतो हे कळेल तेही चांगलंच.

एसीवाला_इंजिनीअर:

तुम्ही यादीत टन लिहिलंय म्हणून राहवलं नाही. हा माझ्या रोजच्या कामातला शब्द आहे आणि गिऱ्हाईकाला समजावून सांगायला दर वेळी दहा मिनिटं जातात. "दीड टनाचा एसी" म्हटलं की लोकांना वाटतं वजन. अहो तो एसी पन्नास किलोचाही नसतो कित्येकदा.

पूर्वी बर्फाच्या लाद्यांनी गारवा करत, तेव्हा एखादी जागा थंड ठेवायला दिवसाला किती टन बर्फ वितळतो त्यावर हिशोब चालायचा. यंत्रं आल्यावर लोकांनी विचारलं की हे यंत्र किती बर्फाच्या बरोबरीचं? म्हणून एक टन म्हणजे 24 तासांत एक टन बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात बाहेर काढायची क्षमता. तासाला 12,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एक एकक), किंवा साधारण साडेतीन किलोवॅट. बर्फ गेला, लाद्या गेल्या, टन राहिला. त्यामुळे यात वजन होतंच, पण ते एसीचं नव्हे, नसलेल्या बर्फाचं.

आणि तो बर्फाचा टनही आपला 1000 किलोचा नाही बरं, अमेरिकन छोटा टन आहे, 2000 पौंडांचा म्हणजे 907 किलो. ब्रिटिश मोठा टन 2240 पौंडांचा, 1016 किलो. तिन्ही वजनंच, तिन्ही टनच, आणि तिन्ही वेगळी. हे टायटनपेक्षा जास्त धोक्याचं आहे असं माझं स्पष्ट मत. भुंगेरा आणि उपग्रह यांत कोणी फार वेळ फसणार नाही, चित्र बघितल्यावर कळतंच. पण 907 आणि 1016 यांत फसलात तर कळतच नाही, हिशोब व्यवस्थित सुटतो आणि उत्तर चुकीचं येतं. तसंच मैलाचं, जमिनीवरचा 1609 मीटर आणि समुद्रावरचा 1852. मुलांच्या पुस्तकात एककं असतील तर तिथे कंस आधी टाका, भुंगेऱ्याला नंतर.

औषधांची_चिठ्ठी:

एसीवाला इंजिनीअर, अगदी सहमत, जवळजवळच्या अर्थांचं एक नाव सगळ्यात वाईट. आमच्या कामात त्याची भीतीच असते. अमेरिकेत फ्लोमॅक्स नावाने मिळणारं औषध म्हणजे टॅम्सुलोसिन, प्रोस्टेट वाढल्यावर देतात ते. इटलीत त्याच नावाच्या औषधात मॉर्निफ्लुमेट होतं, सूज कमी करणारं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2006 मध्ये परदेशी जाणाऱ्यांना यावरून जाहीर सूचनाच दिली होती. प्रवासात गोळ्या संपल्या, दुकानात डबी दाखवली, त्याच नावाची डबी मिळाली, आणि आतलं औषधच वेगळं! दोन्हीकडे गोळ्याच, दोन्ही डब्यांवर तीच अक्षरं, कोणाला शंका कशी येणार?

म्हणून कुठेही जाताना ब्रँडचं नाव नाही तर आतल्या घटकाचं नाव लिहून घ्या, सगळ्यांना कळकळीने सांगते. ते नाव जागतिक आरोग्य संघटना ठरवते आणि ते मुद्दाम जगभर एकच ठेवलेलं असतं.

निवृत्त_ग्रंथपाल:

वाचून फार बरं वाटलं. पस्तीस वर्षं हेच केलं, म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

माणसांच्या नावांचा विषय कोणी काढला नाही म्हणून काढतो. विन्स्टन चर्चिल म्हटलं की तुम्हाला ब्रिटनचे पंतप्रधान आठवतील. पण 1899 च्या सुमारास कादंबऱ्या वाचणाऱ्याला त्या नावाने दुसराच माणूस आठवायचा, अमेरिकेतला कादंबरीकार विन्स्टन चर्चिल, जन्म 1871, म्हणजे ब्रिटिश चर्चिलपेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि तेव्हा त्याच्यापेक्षा बराच प्रसिद्ध. तरुण ब्रिटिश चर्चिल स्वतःही पुस्तकं लिहीत होते. त्यांनी त्या कादंबरीकाराला अगदी अदबीने पत्र लिहिलं, की आपल्या दोघांच्या वाचकांचा गोंधळ होतोय, तेव्हा मी यापुढे माझ्या पुस्तकांवर मधलं नावही लिहीन. आणि तसं त्यांनी खरोखर केलं, म्हणून त्यांच्या पुस्तकांवर विन्स्टन एस. चर्चिल असं दिसतं. तो मधला एस म्हणजे त्या पत्रव्यवहाराची खूण आहे. पुढे साहित्याचं नोबेल मिळालं ते या एसवाल्याला, 1953 मध्ये, आणि मूळचा प्रसिद्ध विन्स्टन चर्चिल आज ग्रंथालयातच भेटतो. कार्डावर दोघांना वेगळं ठेवायला आम्ही नावापुढे जन्म आणि मृत्यूची सालं लिहायचो, 1871–1947 आणि 1874–1965. संशोधकांसाठी आता 2012 पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक आहे, पण तत्त्व तेच, खगोलींच्या लघुग्रहासारखं.

आता ताई, तुमच्या सूचीबद्दल काही गोष्टी, अनुभवावरून. कंसातला शब्द वाचणाऱ्याच्या तोंडचा हवा, तज्ज्ञाच्या नाही. टायटन (भुंगेरा) लिहा, टायटन (कीटक, शृंगभृंग कुल) वगैरे लिहू नका. दुसरं, ज्या नावाचा एकच अर्थ पुस्तकात आहे तिथे उगाच कंस नको, नाहीतर पानभर कंसच दिसतील आणि खरे लागणारे त्यात हरवतील. आणि बुध-पारा यांच्यासाठी "मर्क्युरी" अशी एक ओळ ठेवून "बुध पहा, पारा पहा" असं नक्की लिहा. इंग्रजी शाळेतली पोरं मर्क्युरीच शोधणार आहेत.

क्रमाचं म्हणाल तर सगळ्यात जास्त शोधला जाणारा अर्थ वर ठेवा. उपग्रह आधी.

जुना_खगोली:

ग्रंथपालसाहेब, बाकी सगळं मान्य, क्रमाबद्दल मात्र मतभेद आहे. जास्त शोधलं जाणारं कोणतं हे ठरवणार कोण? आणि ते बदलतं. 1965-66 मध्ये अमेरिकेची जेमिनी नावाची अंतराळयानं टायटन रॉकेटवरून जात होती, तेव्हा टायटन म्हटलं की पोरांना रॉकेटच आठवायचं. 2005 मध्ये हायगेन्स उतरलं आणि त्याच वर्षी शेवटचं टायटन रॉकेट उडालं, तिथून पारडं फिरलं. जून 2023 नंतर तर टायटन नावाच्याच त्या बुडालेल्या पाणबुडीमुळे कित्येकांना तीच पहिली आठवते. तुमच्या चर्चिलच्या गोष्टीतही तेच झालंय ना, 1899 ची सूची असती तर कादंबरीकार वर आला असता. सरळ कंसातल्या शब्दाच्या अकारविल्हे क्रमाने लावा. उपग्रह, भुंगेरा, रॉकेट. योगायोगाने उपग्रह तसाही वर येतोच, पण तो वर का आहे याचं कारण प्रामाणिक हवं.

निवृत्त_ग्रंथपाल:

हे पटलं. चर्चिलचं उदाहरण मीच दिलं आणि त्यातून हे मलाच दिसलं नव्हतं. अकारविल्हेच ठेवा ताई.

ढगाळ:

उशीर झाला यायला. एकच भर घालतो, पुन्हापुन्हा तेच नाव देणं हे कुठे कुठे ठरवून केलेलं असतं. अटलांटिकमधल्या हरिकेनांच्या नावांच्या सहा याद्या आहेत, दर वर्षी एक, आणि सातव्या वर्षी पहिली परत. म्हणजे एकाच नावाची वादळं कित्येक होऊन गेलेली असतात आणि नुसतं नाव सांगून उपयोग नसतो, साल लागतंच. फार नुकसान करून गेलेलं नाव मात्र यादीतून काढतात. 2005 च्या कत्रिनानंतर ते नाव पुन्हा कोणत्याच वादळाला दिलेलं नाही, 2011 मध्ये तिच्या जागी कातिया आलं. उत्तर हिंदी महासागरात पद्धतच वेगळी, तिथे 13 देशांनी मिळून 2020 मध्ये 169 नावांची यादी केली आणि नाव एकदा वापरलं की संपलं. मला ही दुसरी पद्धत जास्त आवडते. ज्या घरातलं कोणी वादळात गेलंय त्यांना सहा वर्षांनी बातम्यांत तेच नाव ऐकायला लागू नये.

आणि जॉर्जियाचं राहिलंच की. अमेरिकेतलं राज्य इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजावरून. दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया बेट तिसऱ्या जॉर्जवरून, कुकने 1775 मध्ये ठेवलं. आणि कॉकेशसमधल्या देशाचा या कोणत्याच जॉर्जशी संबंध नाही, तिथले लोक स्वतःच्या देशाला साकार्तवेलो म्हणतात. शब्दवेल्हाळ म्हणतात तसे उगम वेगळे, येऊन थांबले एका जागी. तुमच्या पुस्तकात देश आणि राज्य दोन्ही असतील तर कंस हवाच.

पानोपानी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून सगळी सूची परत चाळली, एकूण बेचाळीस नावं निघाली ज्यांना एकाहून जास्त अर्थ होते. एककं आधी केली, इंजिनीअरसाहेबांनी सांगितलं तसं, आणि टनाच्या दोन जागी पुस्तकातच कोणता टन ते लिहिलेलं नव्हतं, ते लेखकांना कळवलंय. टायटनच्या ओळी आता अशा आहेत:

टायटन (उपग्रह) – 31, 203
टायटन (भुंगेरा) – 117
टायटन (रॉकेट) – 58

सकाळी मैत्रिणीच्या मुलीला परत दाखवलं. उपग्रह पहिल्या फटक्यात उघडला तिने. मग पुढे वाचत वाचत 203 वर गेली, ते वाक्य वाचलं, परत सूचीत आली, रॉकेटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, 203 इथे पण हवं ना?"

निवृत्त_ग्रंथपाल:

हवंच. दोन्ही ओळींत टाका. आणि मुद्रितं येतील तेव्हा तपासायला तिलाच बसवा.